दारावरच्या तीन खुणा

खुणांची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांना बरंच सुनावलं आहे, आणि ज्याला दुसऱ्याला सुनावायचं आहे त्यानं आपली चूक आधी पुढ्यात ठेवावी.

समाजकार्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. विषय घेतला होता सार्वजनिक आरोग्य. आठवड्यातले दोन दिवस, गुरुवार आणि शुक्रवार, एका गावात जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, त्याचे मार्क असायचे. मला आणि माझ्या जोडीदारणीला श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढचं, प्रवरेच्या काठावरचं एक गाव मिळालं. काम होतं एचआयव्हीची माहिती घरोघरी पोचवायचं. वर्गात कामं वाटली तेव्हा कुणाला पिण्याचं पाणी आलं, कुणाला कुपोषण. आमचं नाव आणि आमचं काम वाचलं गेलं तसं मागच्या बाकावरून एकजण "अरे बापरे" म्हणाला. मी मागं वळून विचारलं, "बापरे कशाला? तुझ्या गावात माणसं राहत नाहीत का?"

जोडीदारीण कोपरगावची. तिच्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. घरात नमाज, रोजे सगळं वेळच्या वेळी, आणि पोरगी बाहेर ओढणी नीट सावरून बायकांना निरोध कसा वापरायचा ते समजावते. मी एकदा विचारलं, घरी माहीत आहे का? म्हणाली, "अब्बांना सांगितलंय, आरोग्याचं काम आहे. त्यांनी पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगितलं नाही. दोघंही सुखी."

माझ्या घरी मात्र सगळं सांगून झालं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मी बीए झाले त्या दिवशी वडिलांनी ते प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं आणि टीव्हीच्या वर लावलं. अजून तिथंच आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आईचं मात्र वेगळं होतं. ती म्हणायची, "पंधरा वर्सं शिकलीस अन् शेवटी दारोदारच हिंडतीस. ते तर बांगड्यावालीबी करती."

"बांगड्यावालीला घरात घेतात गं. मला ओट्यावरच उभं करतात."

"मंग काय शिकलीस?" आई म्हणायची.

तिचंही चुकीचं नव्हतं. पहिले चार आठवडे आम्ही ओट्यांवरच काढले. पाठीला लाल फितीचं चित्र असलेली पिशवी, हातात पत्रकं, आणि तोंडात पाठ केलेली दहा मिनिटांची माहिती. हा रोग कशानं होतो, कशानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हात लावल्यानं होत नाही, एकीनं शिजवलेलं दुसऱ्यानं खाल्ल्यानं होत नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधं फुकट मिळतात, आणि ती नियमानं घेणारा माणूस आपलं आयुष्य जगतो. एवढंच. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी निम्म्या बायका मध्येच उठून दूध उतू जातंय का ते बघायला जायच्या.

आणि ज्याला त्याला तो रोग दुसऱ्याच्या दारात दिसायचा. पहिल्याच गल्लीत एक काका म्हणाले, "आमच्यात तसलं न्हाई. तुमी तिकडं ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जा." म्हणून त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेलो. तिथली एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आमाला येळ कुठाय ताई? त्ये ट्रकवाल्यांना इचारा, त्यांची लई गावं असत्यात." रस्त्यावरच्या हॉटेलात ट्रकवाले भेटले. त्यांतला एक मिशीवर हात फिरवत म्हणाला, "आम्ही बालबच्चेवाले माणसं. आजकालची कॉलेजची पोरं बघा, त्यांना सांगा हे." तिथून आम्ही निघालो तेव्हा जोडीदारीण म्हणाली, "म्हणजे फिरून फिरून आपल्यावरच आलं."

एका म्हाताऱ्या बाबांनी तेवढं बसायला पोतं टाकलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला आता ह्या वयात काय व्हनार गं?"

"तुम्हाला नाही होणार बाबा. पण नातवाला कुणी सांगायचं?"

"त्याला मोबाईल सांगतो की समदं."

"मोबाईल खोटंही सांगतो."

"मंग तू तरी खरंच सांगती, हे कशावरून?" असं म्हणून ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पत्रक मात्र घडी घालून टोपीत ठेवलं.

आता खुणांचं. गावातली घरं एकाला एक लागून. कुठं गेलो, कुठं राहिलो, हे आमच्या ध्यानात राहिना. तेव्हा मला पोलिओच्या बायका आठवल्या. त्या डोस देऊन झाला की दाराच्या चौकटीजवळ खडूनं खूण करून जातात. लहानपणापासून बघितलेलं. मी शाळेतून दोन खडू मागून आणले आणि ज्या घरी जाऊन आलो त्या घराच्या चौकटीवर एक बारीकशी बरोबरची खूण करायला लागले. दुसऱ्यांदा गेलो की दुसरी खूण. आमच्या मॅडमना ही पद्धत फार आवडली. वर्गात त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं, बघा, गावाकडच्या मुलीला गावाची युक्ती सुचते. मी त्या दिवशी एसटीत खिडकीला बसून उगाच हसत होते.

खडूची खूण सगळ्या गावाला वाचता येते, हे गावाकडच्या मुलीला मात्र सुचलं नाही.

त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. कशानं वारला, याच्या चार तऱ्हा मी गावातच ऐकल्या होत्या, चारही न विचारता सांगितलेल्या. एक मुलगी, सातवीत, त्याच शाळेत. मावशीचं घर शाळेच्या मागं, पत्र्याचं. शाळेत सकाळी सगळ्यांत आधी तीच यायची. तांदूळ निवडताना ती कुणाशी बोलायची नाही आणि खिचडीत मुगाची डाळ किती पडली यावरून गुरुजींशी भांडायची. "पोरं उपाशी घरी गेली तर आया मला इचारत्यात, तुमाला न्हाई," असं ती गुरुजींना तोंडावर म्हणायची. ते काम म्हणजे तिचा पगारही होता आणि गावातली जागाही. नवऱ्यामागं गावात तिला हाक मारली जायची ती त्या कामाच्या नावानं. खिचडीवाली.

तिच्या घरी मी तीनदा गेले होते. म्हणून तिच्या चौकटीवर तीन खुणा होत्या. बाकी गावात कुठं एक, कुठं फार तर दोन.

तीनदा का गेले, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. कारण मोठं असेल, किंवा तिच्या ओट्यावर सावली चांगली होती एवढंच असेल. हे लिहायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पन खोटं लिहू नको, अन् समदं लिहू नको." तेवढं मी पाळणार आहे.

एका गुरुवारी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली. व्हरांड्यात पोरं रांगेनं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढं घरचा डबा. किचनच्या दारात मावशी उभी. मागं पातेलं भरलेलं, वाफा निघताहेत, हातात पळी. तिची स्वतःची मुलगी आणि कोप्यांवरची चार-पाच पोरं तेवढी खिचडी खात होती. बाकीची त्यांच्याकडं बघत होती.

गुरुजींनी आम्हाला ऑफिसात नेलं आणि दार लोटलं. "काय करून ठेवलंत पोरींनो? तुमच्या त्या खुणा. गावात झालंय, की जिच्या दारावर तीन, तिला आहे. आता तिच्या हातचं नको म्हणतात. पुढच्या शुक्रवारी शाळा समितीची बैठक लावलीय. तिला काढायचा ठराव आहे."

 मी म्हणाले, "गुरुजी, असलं तरी खिचडीतून होत नाही. आम्ही घरोघर हेच सांगितलं."

"तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं का?" गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "दोन ओळी लिही. सदर महिलेस असा कोणताही आजार नाही. खाली सही कर, कॉलेजचं नाव टाक. विषय संपला. बाईचं काम वाचतं, माझी डोकेदुखी जाते, तुमचे मार्क राहतात."

मी पेन उघडलंसुद्धा. खोटं कशाला बोलू. त्या घटकेला मला फक्त आपली चूक झाकायची होती.

जोडीदारणीनं कागदावर तळहात ठेवला. "आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाबद्दल विचारलं तर? तिचंही लिहून द्यायचं? आणि जिचं नाही लिहून देता आलं, तिचं काय? आपण गप्प बसलो की गावानं समजून जायचं."

"अगं, पण इथं..." गुरुजी म्हणाले.

"इथं आम्हाला काही माहीत असो, नसो, सांगता येत नाही. कायद्यानंच येत नाही."

मी पेन बंद केलं. पण काम जाणार होतं ते आमचं नव्हतं, मावशीचं होतं. तिला विचारल्याशिवाय आम्ही तत्त्वाच्या गोष्टी करणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजणं. म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो.

ती ओल्या फडक्यानं चौकट पुसत होती. आम्हाला बघून तिनं फडकं बादलीत आपटलं. "आल्या का? या, आजून एक करा. चार व्हत्याल."

"मावशी, चूक माझी आहे."

"ते मला सांगू नको. पुसलं तरी काय? शेजारीन सकाळी म्हनली, पुसलं म्हंजी खरंच हाय. न्हाई पुसलं तरी हाय, पुसलं तरी हाय. तुमी दोघी परीक्षा दिऊन जाल. मी कुठं जानार? ही पोरगी कुठं जानार?" मुलगी आत पुस्तक उघडून बसली होती. पान काही ती उलटत नव्हती.

मी तिला गुरुजींच्या कागदाचं सांगितलं. जोडीदारीण काय म्हणाली तेही सांगितलं. आणि म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करू. तुम्ही म्हणाल लिही, तर लिहिते."

ती उंबऱ्यावर बसली, फडकं पिळलं, परत पिळलं. मग म्हणाली, "माझी नणंद हाय राहुरीकडं. तिला गावानं तपासनीचा कागद मागितला हुता, आंगनवाडीत डाळ शिजवायला. तिनं दिला. मंग पुढच्या वर्साला परत मागितला. मंग तिच्या सुनंचा मागितला." तिनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं. "एकदा कागद दाखीवला की दर साली दाखवायचा. मी न्हाई दाखवनार. तांदळात माझा हात जातो, रगत न्हाई जात."

"मग लिहू नको?"

"न्हाई. पन नुसतं बसूबी नको. तू केलंस, तू निस्तर."

तू केलंस, तू निस्तर. हे वाक्य घेऊन मी एसटीत बसले. श्रीरामपूर येईपर्यंत मला काही सुचलं नाही. स्टँडवर उतरताना सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचाच राग आला. तिच्या तीन खुणा पुसून भागणार नव्हतं. सगळ्या गावाच्या तीन करायच्या होत्या.

कॉलेजातल्या अजून चौघींना आम्ही गळ घातली. सोमवारपासून तासाला दांडी मारून सहाजणी रोज गावात. प्रत्येक घरी पुन्हा जायचं, दहा मिनिटं माहिती सांगायची, खरीखुरी सांगायची, आणि निघताना खूण करायची. दुसऱ्या दिवशी परत. ज्याच्या दारावर तीन झाल्या ते घर सोडायचं. सुरुवात सरपंचांच्या घरापासून.

सरपंच बाई होत्या, शाळा समितीच्या ठरावांवरही त्यांचीच सही लागायची, पण कारभार त्यांचे मालक बघायचे. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. पायजम्याची नाडी बांधत ते बाहेर आले. "आमच्याकडं परत कशाला?"

"माहिती राहिली होती, भाऊ."

"मागच्या वेळंला दिली की."

"तेव्हा तुम्ही ऐकली नाही. फोनवर होता." आत सरपंचबाई पदर तोंडाला लावून हसल्या, ते मला दिसलं.

दोन दिवसांत गावात नुसता गोंधळ. "माझ्या दारावर दोन झाल्या गं बया!" म्हणून एक आजी खराटा घेऊन आमच्या मागं धावली. एकानं खूण पुसली, आम्ही त्याच्यासमोर परत केली. एकानं सांगितलं, पोलिसात जातो. जोडीदारीण म्हणाली, "जा ना काका, त्यांनाही माहिती द्यायची राहिलीय." आणि बुधवारी दुपारी तर कमाल झाली. कुणी तरी उठवलं, की ज्यांच्या दारावर तीन त्यांना घरकुल मिळणार आहे. मग वस्तीवरची माणसं आम्हाला शोधत यायला लागली. "ताई, आमच्या दोनच हायेत. आमच्यात काय कमी हाय?" एकानं चौथी करून मागितली. आम्ही सगळ्यांना खरं सांगितलं, घरकुलाचं काही नाही. त्यावर ते म्हणाले, आसू द्या, तरी करा.

या गोंधळात एक झालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. लोक आम्हाला घरात घ्यायला लागले. तिसऱ्यांदा दारात आलेल्या माणसाला ओट्यावर किती वेळ उभं ठेवणार? चहा व्हायला लागला. आणि चहानंतर, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येताना, माणसं हळूच विचारायला लागली. श्रीरामपुरात कुणी ओळखीचं भेटंल का, तपासणी नगरला केली तर चालती का, बायकोला न सांगता करता येती का. ओट्यावर आम्हाला हसलेल्यांतलेही काहीजण त्यात होते. कोण, ते नाही सांगणार. प्रश्न आम्ही वहीत लिहून घेत होतो, आमच्याच खुणेनं, नाव न टाकता.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत गावठाणातलं एकही घर तीनच्या खाली राहिलं नाही. मावशीच्या पुसलेल्या चौकटीवर मी तिला विचारून पुन्हा तीन केल्या. ती म्हणाली, "ठळक कर. त्या दिशीच्या पेक्षा ठळक."

शुक्रवारी बैठक. व्हरांड्यात सतरंजी, समितीची माणसं, आणि त्यांच्याभोवती निम्मं गाव. किचनमध्ये मावशी शिजवत होती. ठरावच होता, काम बंद करा असं कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून तिनं रोजच्याइतके तांदूळ टाकले होते. फोडणीचा वास बैठकीत येत होता.

भाऊंनी सुरुवात केली. "आमाला कुनाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. पन लेकरांचा प्रश्न हाय. ह्या मॅडम इथं हायेत. त्यांनी एका शब्दात सांगावं. हाय, का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले. 

"खिचडीतून तो रोग होत नाही. हे तुमच्या घरी येऊन तीनदा सांगितलंय."

"ते झालं. हाय का न्हाई, ते सांगा."

"नाही सांगणार."

"म्हंजी हाय!" मागून कुणी तरी ओरडलं.

"तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी नाही सांगणार. मग तुम्हाला पण आहे का?"

थोडं हसू झालं. भाऊंचा आवाज चढला. "ओ मॅडम, उलटं बोलू नका. तीन खुना कशाला केल्या मग तिच्या दारावर?"

मी पिशवीतून वही काढली आणि वर धरली. "खुणांवरूनच ठरवायचं असेल तर गावात एक घर असं दाखवा, जिथं तीन नाहीत. आणि एकीचं सांगायचं असेल तर सगळ्यांचं सांगते. घरोघर गेलेय मी. ही वही. पहिलं घर तुमचं आहे, भाऊ. वाचू?"

वहीत कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट नव्हता. नावंसुद्धा नव्हती. ती मी कधीच वाचली नसती. पण ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

 माणसं जमिनीकडं, छताकडं, मोबाईलकडं बघायला लागली. किचनमधून पळी पातेल्याच्या काठावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

तेवढ्यात सरपंचबाई बोलल्या. आठ महिन्यांत मी त्यांचा आवाज बैठकीत ऐकला नव्हता. सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "माझ्याबी दारावर तीन हायेत. मंग मी उद्यापासून सरपंच न्हाई का?"

"तू गप गं," भाऊ म्हणाले.

"गप काय? सही माझी लागती. ह्या ठरावावर मी सही करनार न्हाई. घ्या लिहून गुरुजी."

गुरुजींनी लिहून घेतलं. माझी खात्री आहे, त्यांनी नोकरीत इतक्या झपाट्यानं कधी काही लिहिलं नसेल.

मावशी किचनच्या दारात आली. हात पदराला पुसत म्हणाली, "खिचडी झालीय. खानार आसाल तर बसा. न्हाईतर उठा, पोरास्नी बसू द्या. गार व्हती."

मी आणि जोडीदारीण पोरांच्या रांगेत बसलो. आमच्या चौघी बसल्या. तो टोपीत पत्रक ठेवणारा म्हातारा येऊन बसला आणि म्हणाला, "वाढ गं. मीठ बेतानं हाय ना?" सरपंचबाई बसल्या. भाऊ मोटारसायकलला किक मारून निघून गेले. पोरांतली काही बसली, काही डबे घेऊन झाडाखाली गेली. सगळं गाव एका पंगतीत जेवलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही.

कॉलेजात मॅडमनी मला बोलावून घेतलं. वर्गात ज्यांनी माझं कौतुक केलं होतं त्याच. म्हणाल्या, "लोकांच्या गुपिताची भीती घालून तू काम साधलंस. विश्वासावर चालणारं काम आहे आपलं. उद्या तुझ्यापाशी कोण तोंड उघडेल?" नियमानं त्यांचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हणालेही. पुढं हेही म्हणाले, की पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा वही वर धरीन. त्यांनी माझे मार्क कापले. कमी मार्कांचं ते पत्रकही मी जपून ठेवलं आहे, फक्त टीव्हीवर लावलेलं नाही. उद्या कोण तोंड उघडेल म्हणाल, तर त्या उन्हाळ्यात त्याच गावातून सरकारी दवाखान्यात तपासणीला माणसं गेली. एसटीनं, एकेकटी, वेगवेगळ्या दिवशी. काहींनी जाताना मला फोन केला होता.

हल्ली मी प्रशिक्षणांमध्ये ही गोष्ट सांगते. दर वेळी चहाच्या सुट्टीत कुणी तरी जवळ येतं, शिकलेलं, चांगल्या कपड्यातलं, आणि आवाज खाली करून विचारतं, "पण मॅडम, खरं काय होतं हो तिला?" मी त्यांना विचारते, तुम्ही भाऊंचे कोण?

ठराव पास झाला नाही, पण टळलाही नव्हता. समितीनं एवढंच ठरवलं, की जूनमध्ये नव्यानं नेमणुका होतील तेव्हा बघू. आमचं गावातलं काम मार्चलाच संपलं. उन्हाळाभर मला रोज वाटायचं, भाऊ जूनमध्ये दुसरी बाई उभी करतील. मावशीला फोन केला की ती म्हणायची, "बघू," आणि मुलीच्या अभ्यासाचं बोलायची.

जूनमध्ये गुरुजींनी प्रत्येक स्वयंपाकिणीला लागतो तोच आरोग्याचा साधा दाखला मागितला. मावशीनं तो दिला. भाऊ म्हणाले, अजून एक कागद आणा. मावशी म्हणाली, "शेजारच्या गावातल्या बाईनं आनला का? तिनं आनला की मीबी आनते." सरपंचबाईंनी सही केली.

शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागं पोरांचा कालवा चालला होता, तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"पोरं बसली का सगळी?" मी विचारलं.

"समदी न्हाई. आठ-धा डबे येत्यात आजून. भाऊच्या नातवाचाबी येतो."

"मग?"

"मंग काय? येऊ द्या. त्यांच्या वाटनीचं मी बाकीच्यांना वाढते. ज्यादा मिळती म्हनून पोरं लई खूश हायेत." मग ती फोन तसाच कानाला ठेवून कुणावर तरी ओरडली, "ए, ताट नीट धर की, सांडंल!" आणि मला म्हणाली, "ठेवते गं. रांग लागलीय."